या काठावरची खोली

देवउठनी ग्यारस, म्हणजे कार्तिकी एकादशी, झाली की जबलपुरातल्या आमच्या कांचघरच्या गल्लीत तुळशीच्या मंडपाच्या उसाचा पाला दोन दिवस पडून असतो. अर्धा गाई खातात, उरलेला झाडूवाली बडबडत गोळा करते. कोपऱ्यावरच्या हातगाडीवर उकडलेले शिंगाडे आलेले असतात. मटार आलेला असतो, पण अजून किलोनं घ्यायचं धाडस होत नाही. आणि सकाळी सातच्या सुमारास मोटारसायकली निघायला लागतात. चार-पाच जणांचा जथा, गाडीच्या दोन्ही अंगांना पिशव्या आवळलेल्या, गुडघ्यांवर प्लास्टिकच्या वाट्या. कुणी पचमढीला, कुणी मंडल्याच्या जंगलाकडे, कुणी अमरकंटकला. चातुर्मासात बंद असलेली नर्मदेची परिक्रमाही याच दिवसांत पुन्हा सुरू होते, त्यामुळे रस्त्याच्या कडेनं पांढऱ्या कपड्यांतली, काठी टेकत चालणारी माणसंही दिसायला लागतात.

मला हा मोसम आवडतो. तरी दर वर्षी तो आला की माझं डोकं तापतं. यंदा निमित्त झालं श्वेता.

श्वेता ही आमच्या कारखान्यात तपासणी विभागात नव्यानं लागलेली मुलगी. तिला आणि तिच्या मैत्रिणीला गाडीवरून अमरकंटकला जायचंय, लॉज सुचवा म्हणाली. मी सुचवण्याआधी फोन करून खात्री करते, ती माझी सवय आहे. ज्याच्या पाटीवर हल्ली मोठ्या अक्षरांत ‘बाइकर्स वेलकम’ लिहिलंय, त्याला लावला. पार्किंग आहे, गरम पाणी आहे, संध्याकाळी शेकोटी आहे, भैया लोकांनी फोटो काढावेत म्हणून जुना टायर रंगवून झाडाला टांगलाय, सगळं त्यानं न विचारता सांगितलं. मग विचारलं, जेंट्स कितने हैं. मी एकही नाही म्हटलं. मालकाला विचारून सांगतो म्हणाला. त्याला आठ दिवस झाले. मालक बहुधा विचारच करतोय.

एका तपात एवढीच प्रगती झाली. बारा वर्षांपूर्वी अशाच कार्तिकात मी याच रस्त्यावर होते, आणि तेव्हा बाइकर्सची पाटी नव्हती, प्रश्न हाच होता.

डोंगराळ मुलखात गाडीवरून हिंडणाऱ्याला फार काही लागत नाही. मी आणि माझा नवरा सुधीर दर हिवाळ्यात हिंडत आलो आहोत, त्याची गाडी वेगळी, माझी वेगळी. माझी साडेतीनशेची आहे आणि ती मीच चालवते, हे पेट्रोलपंपावर अजूनही दर वेळी सांगावं लागतं. तर लागतं काय, गाडीखाली कडक आणि सपाट जमीन. तामियाला एका लॉजवाल्यानं आमच्या गाड्या मोठ्या प्रेमानं हिरवळीवर लावून घेतल्या होत्या. सकाळी दोन्ही आडव्या. स्टँड मऊ मातीत रुतून गेलं होतं आणि तो म्हणाला, रात को हवा चली होगी. वर एखादं छप्पर लागतं, कारण दवानं भिजलेल्या सीटवर बसून निघालं की दुपारपर्यंत माणूस कुणाशी धड बोलत नाही. हातमोजे वाळत घालायला दोरी, चिखल धुवायला नळी, आणि पहाटे फाटक उघडायला जागं असलेलं कुणीतरी. खोलीत टीव्ही नसला तरी चालतो. पचमढीच्या एका ठिकाणी टीव्ही भिंतभर होता आणि गाडी लावायची जागा बेचाळीस पायऱ्या खाली. मी मोजल्या, कारण सामान मीच वाहत होते.

हे सगळं मी एका वहीत लिहून ठेवते. कारखान्यात माझ्या सहीशिवाय एक पेटीसुद्धा फाटकाबाहेर जात नाही, आणि सही करण्याआधी मी काय काय बघते तेही लिहिलेलंच असतं. मला वाटायचं, प्रश्न नीट विचारले की उत्तरं नीट मिळतात. त्या वर्षी कळलं की वीस प्रश्न विचारून एकविसावा राहू शकतो.

त्या वर्षी बरोबर सुधीर नव्हता, आणि माझ्या मागच्या सीटवर सामान नव्हतं. ताई होती. ताई म्हणजे सुधीरची थोरली बहीण, माझी नणंद. आमच्या घरापासून दोन गल्ल्यांवर एकटी राहायची. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, शाळेतली नोकरी संपलेली, एकुलती मुलगी वैशाली लग्न होऊन नागपूरला. बायकांच्या एका गटाबरोबर ताई बसनं नर्मदा परिक्रमेला गेली. अमरकंटकला संकल्प सोडला, दक्षिण काठानं समुद्रापर्यंत, तिथून उत्तर काठानं उलट, नदी कायम उजव्या हाताला. हजारो किलोमीटर झाले आणि आमच्या ग्वारीघाटावर मुक्कामाला असताना तिला कावीळ झाली. बस पुढे गेली. ताई घरी आली. राहिला होता फक्त जबलपूर ते अमरकंटक एवढा शेवटचा तुकडा.

एवढा तुकडा राहिला काय आणि सगळी राहिली काय, परिक्रमा पुरी होईपर्यंत नर्मदा ओलांडायची नाही. हा नियम. आणि नागपूर नर्मदेच्या पलीकडे.

आमच्यासारख्या इथल्या मराठी घरांना या वाक्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. एकेकाळी नागपूर आणि जबलपूर एकाच राज्यात होतं. राज्यांची फेररचना झाली, नागपूर तिकडे गेलं, आम्ही इकडे राहिलो. आमच्या लेकी तिकडे दिलेल्या, तिकडच्या इकडे आणलेल्या, लग्नाचे शालू तिकडून यायचे आणि दागिने इथल्या सराफ्यातून जायचे. सरकारनं आखलेली ती रेघ आम्ही कधी मनावर घेतली नाही. ताईनं आखलेली मात्र घ्यावी लागली. काविळीतून ती उठली तर पावसाळा लागला, चातुर्मासात परिक्रमा बंद. त्याच श्रावणात वैशालीचं पहिलं बाळंतपण. ते खरं तर माहेरी व्हायचं, पण डॉक्टरांनी तिला पाचव्या महिन्यापासून अंथरुणावर झोपवून ठेवलं होतं, प्रवासाची सक्त मनाई. म्हणजे आईनंच जायला हवं होतं. आई गेली नाही.

मुलगी झाली. बारसं झालं. ताईनं डिंकाचे लाडू करून सुधीरच्या हाती पाठवले, ते वैशालीनं शेजारी वाटून टाकले. मग हिवाळ्यात ताईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तो हिवाळाही गेला. वैशाली आईला बघायला आली नाही, नातीला घेऊन तर नाहीच. फोनवर मला म्हणाली, “मामी, तिला नदी सोडवत नाही, तर मी काहून येऊ? माझ्या सासूनं केलं माझं सगळं. माझी आई होती का नाही, विचारून राहिले होते लोक.”

मला सांगायला लाज नाही वाटत, मी वैशालीच्या बाजूची होते. मी नियम करणाऱ्यांवर चिडले, पाळणाऱ्यांवर चिडले. कुणी ठरवलं, कुणासाठी ठरवलं, आणि त्याची झळ दर वेळी कुठल्या तरी बाळंतिणीलाच काहून बसते, हे मी ताईला तोंडावर विचारलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, बोलून झालं असेल तर ही मेथी घेऊन जा, जास्त आहे. सल्ला देणाऱ्यांवर तर मी अजून जास्त चिडले. एक काका म्हणाले, डोळे मिटून रेल्वेनं पूल पार करायचा, दिसलंच नाही तर ओलांडलं कसं. मग मी गाडीवरून उरलेली परिक्रमा करवते म्हटल्यावर तेच काका म्हणाले, मोटारसायकलवर परिक्रमा म्हणजे तमाशा. डोळे मिटून फसवलेलं चालतं, उघड्या डोळ्यांनी दोन चाकांवर गेलेलं चालत नाही.

गाडीचा विचार हौस म्हणून आला नव्हता. ताईला घाटात मोटार लागते, परिक्रमेच्या बसमध्येही दर घाटात तिचे हाल झाले होते. कुंडमच्या पुढे वळणं सुरू झाली की पाचव्या मिनिटाला खिडकी. उघड्या हवेत तिला काही होत नाही. प्रश्न गुडघ्याचा होता. तो उचलून पाय पलीकडे टाकणं जमत नव्हतं, म्हणून आम्ही आमच्या ओट्यावर सराव केला. गाडी ओट्याला लावायची, ताईनं ओट्यावरून सरळ सीटवर सरकायचं. सदर बाजारातून मी तिच्यासाठी फौजी धाटणीचं जाड जॅकेट आणलं. साडीवर ते घालून, हेल्मेट चढवून ती पहिल्यांदा बसली तेव्हा समोरच्या ठाकूरबाईंनी दार लावून घेतलं. हसायला, हे मागून कळलं. ताईनं नर्मदेच्या पाण्याची छोटी बाटली, जी परिक्रमेत कायम जवळ ठेवायची असते, ती टाकीवरच्या पिशवीत मला दिसेल अशी बांधायला लावली. मी म्हटलं, गळायला नको. ती म्हणाली, “दोन वर्षं नाही गळली. तू खड्डे बघ.”

मुक्काम मी आधीच ठरवला होता. जबलपूर ते अमरकंटक एका दिवसात होतं, पण दर चाळीस किलोमीटरवर उतरून गुडघा सरळ करणाऱ्या बाईबरोबर होत नाही. म्हणून डिंडोरीच्या पुढचं एक लॉज शोधलं. फोनवर त्या मॅनेजरला मी पिळून काढलं. जमीन सिमेंटची आहे का? आहे. वर पत्रा? आहे. दोरी, नळी, पहाटे फाटक? सब है. खोली तळमजल्यावर? हो. गाडी लावता येईल असा ओटा? माझ्या मांडीइतका उंच? तो उठून मोजून आला, मला आवडलं ते. आणि नर्मदेच्या काठावर आहे का, ताईला सकाळी घाटावर जायचं होतं. एकदम किनारे पर, मैडम. मी वहीत खूण केली आणि सुधीरला सांगितलं, बघ, असं निवडायचं असतं.

निघालो ती सकाळ मला अजून अंगावर आठवते. कुंडमच्या पुढे धुकं, साल झाडांतून तिरपं येणारं ऊन, धान कापलेल्या शेतांतून येणारा ओलसर, किंचित आंबट वास. वाऱ्यानं डोळ्यांतून पाणी काढलं आणि कानांत बर्फ भरला. मागून ताई दर पाच मिनिटांनी काहीतरी सांगायची, ते हेल्मेटमधून मला ऐकू यायचं नाही, मी हो म्हणायची. शाहपुऱ्याला चहाला थांबलो तेव्हा कळलं की ती मला सतत तीच गोष्ट विचारत होती, हळू चालवतेस का. मी सतत हो म्हणत होते. टपरीवाल्यानं चहा ताईला दिला आणि विचारलं, अम्मा, गाड़ी कौन चला रहा है. तिनं माझ्याकडे बोट दाखवलं. तो माझ्या मागे कुणी आहे का ते बघत राहिला.

डिंडोरी मागे पडली. चार वाजत आले होते, ऊन पिवळं झालं होतं. एक वळण घेतलं आणि समोर पूल आला. लांब, सरळ, खाली नर्मदा, तिथं अगदी शांत आणि रुंद. पलीकडच्या टोकाला निळ्या पत्र्याची इमारत दिसत होती. निळा पत्रा मॅनेजरनं मला खूण म्हणून सांगितला होता.

ताईनं माझ्या खांद्यावर थाप मारली. मी गाडी थांबवली. मला तोवर सगळं कळलं होतं, आणि कळायला एवढा वेळ लागला याचा मला आजही राग येतो. हमरस्ताच तिथं नदी ओलांडतो. ज्या बाईच्या न ओलांडण्यावर मी दोन वर्षं रोज चिडत होते, तिच्यासाठी मी खोली घेतली ती नदीच्या पलीकडे. ओट्याची उंची मोजून घेतली. काठ कुठला ते विचारलं नाही.

मी मॅनेजरला फोन केला आणि ओरडले. तो बिचारा स्कूटरवरून पूल पार करून आमच्याकडे आला. चांगला माणूस होता, गरम पाणी काढून ठेवलंय म्हणाला. ताईला हात जोडून समजावू लागला, माताजी, पूल सरकारी आहे, खाली पाण्याला तर पायही लागत नाही. दोनशे मीटर. मग मीही बोलले, आणि मी समजावलं नाही. म्हटलं, संध्याकाळ झालीय, तुझा गुडघा सुजलाय, इथं जंगल आहे, सकाळी मी तुला याच जागी परत आणून सोडते, कुणाला कळणारही नाही.

ताई पुलाच्या कठड्याला टेकून उभी होती. आवाज चढवला नाही तिनं.

“मंजू, मला हा पूल ओलांडता आला असता, तर वैशालीसाठी नसता ओलांडला मी? ती तिथं अंथरुणाला खिळून, आणि मी इथं कपडे भरून बसले होते गं. पिशवी भरलेली होती माझी. तेव्हा नाही ओलांडला, आणि आता आंघोळीच्या पाण्यासाठी ओलांडू?”

पिशवी भरून ठेवली होती, हे मला माहीत नव्हतं. वैशालीलाही नसणार. मी गाडी वळवली.

अलीकडच्या काठावर एकच लॉज होतं, दोन किलोमीटर मागे. गाडी दाराशी लावली, ताई पायरीवर टेकली. काउंटरमागच्या माणसानं आमच्या मागे बघितलं. जेंट्स? नाहीत. मग त्यानं भिंतीवरची पाटी दाखवली, केवल परिवार हेतु. मी सांगितलं, आम्ही नणंद-भावजय आहोत. तो म्हणाला, “वो तो ठीक है दीदी, पर परिवार कहाँ है?”

हे वाक्य मी बारा वर्षं चघळते आहे. बायकोबरोबर येणारा नवरा म्हणजे परिवार. दारू पिऊन येणारे चार मावसभाऊ म्हणजे परिवार, ते वरच्या मजल्यावर गोंधळ घालत होते, मला ऐकू येत होतं. वीस वर्षं एकमेकींची आजारपणं काढलेल्या दोन बायका म्हणजे कुणीच नाही. त्यानं वर उपाय सुचवला, घरी भैयाला फोन लावा, त्यांनी हो म्हटलं तर बघू. मी शेहेचाळीस वर्षांची होते. माझ्या सहीनं माल सुटतो आणि माझ्यासाठी खोली सुटायला नवऱ्याचा होकार हवा. मी फोन लावला नाही. सुधीरनं एका मिनिटात हो म्हटलं असतं, तोही चिडला असता, पण मी लावला नाही. ताई पायरीवरून म्हणाली, चल, याच्याशी काहून बोलून राहिली. इथला ओटाही बुटका आहे.

पुढे हातपंपावर एक बाई पाणी भरत होती. तिनं आधी बाटली बघितली, मग ताईचे पांढरे कपडे, आणि म्हणाली, नर्मदे हर, परकम्मा में हो? ताई हो म्हणाली. बाईनं हंडा डोक्यावर घेतला आणि चालायला लागली. मागून या असंही म्हणाली नाही, ते धरलेलंच होतं. तिचं नाव फूलवती. घर मातीचं, लिंपून गुळगुळीत केलेलं, अंगणाची जमीन धान मळून मळून सिमेंटपेक्षा घट्ट झालेली. पडवीत शेळ्या होत्या. तिनं त्या हलवल्या आणि तिथं माझी गाडी घ्यायला लावली, बाहेर दव पडतं म्हणाली. माझे हातमोजे माझ्या हातातून घेऊन चुलीवरच्या दोरीला अडकवले. त्या घरात एकही प्रश्न मला विचारावा लागला नाही, आणि आम्हालाही एकच विचारला गेला, भात खाल की भाकरी.

तिचा म्हातारा सासरा खाटेवर बसला होता. गाडीकडे बघत पुटपुटला, परिक्रमा तर पायी करतात. फूलवती ताट वाढत होती. मान न वळवता म्हणाली, “पहिया भी तो ज़मीन पे ही चलता है, दादा।” म्हाताऱ्यानं त्यावर विचार केला आणि भात मागितला. काकांना हे एक वाक्य जबलपुरात कुणी ऐकवलं असतं तर माझे तीन महिने वाचले असते.

ज्या नियमांना मी सगळा वेळ नावं ठेवत होते, त्यांनीच मला त्या दिवशी छप्पर दिलं, हे मी नाकारत नाही. काठावरच्या माणसांनी परिक्रमावासीला दारातून परत पाठवायचं नाही, हाही त्याच नियमांतला एक. पण म्हणून माझा राग गेला असं कुणी समजू नये. एका बाईला दोन काठांच्या मध्ये अडकवणारा नियम आणि तिला पडवी मोकळी करून देणारा नियम एकाच झाडाचे असतील, तरी मला एकच फळ गोड लागतं. मी हे ताईला म्हटलं. ती म्हणाली, झोप, उद्या खड्डे आहेत.

होतेच. उत्तर काठाची वाट गावागावांतून जाणारी, अर्धी सिमेंटची, अर्धी मुरुमाची. ओढ्यांवर फरशा, त्यांवरून पाणी. ओढा ओलांडायला मनाई नाही, हे मी प्रत्येक ओढ्याला ताईला विचारून घेतलं, आता मी शहाणी झाले होते. नदी उजव्या हाताला कधी दिसायची, कधी झाडांत जायची, आणि दर वेळी दिसली की आधीपेक्षा लहान असायची. अमरकंटकच्या चढावर तर ओढ्याएवढी. वरती पोचल्यावर कुंड, आणि त्याच्या मागून वळसा घालणारा रस्ता. त्या रस्त्यानं पाच मिनिटं गेलं की माणूस दक्षिण काठावर असतो. पूल नाही, काही नाही. नदी सुरूच व्हायची असते तिथं. ज्यासाठी दोन वर्षं गेली ते अंतर मी दुसऱ्या गिअरमध्ये कापलं.

ताईनं संकल्प पुरा केला, समाप्तीची कढाई केली, शिऱ्याचा प्रसाद नऊ मुलींना वाढला. एक अगदी लहान होती, तिला घास भरवताना ताईचा हात थांबला. मग तिनं पुढचा घास भरवला. मी तिकडे बघितलं नाही, गाडीची चेन ओढून घ्यायची होती.

सगळं आवरून ती मी गाडी लावली होती त्या ओट्यापाशी आली. मी घरची वाट धरणार होते. रजा संपत होती. ती म्हणाली, “नागपूर किती आहे इथून?”

चारशेच्या वर होतं. दोन दिवस. मी कारखान्यात फोन करून रजा वाढवली, कारण विचारलं तर कौटुंबिक म्हटलं. परतीचा हमरस्ता दक्षिण काठानं होता, त्यामुळे दुपारी आम्ही त्या निळ्या पत्र्याच्या लॉजवरूनच गेलो. मॅनेजर बाहेर उभा होता. माताजी, पार हो गईं, असं म्हणत आत धावला आणि बादलीभर गरम पाणी काढून दिलं. ताईनं आंघोळ केली. सावकाश, जवळजवळ तासभर. मी ओट्याची उंची मोजली, बरोबर होती. त्याचं नाव माझ्या वहीत अजून आहे, आणि श्वेताला मी शेवटी तेच दिलं आहे. त्यानं जेंट्स किती असं तेव्हा विचारलं नव्हतं, परवा श्वेतासाठी फोन केला तेव्हाही विचारलं नाही.

नागपूरला पोचलो तेव्हा दुसऱ्या दिवशीची दुपार कलली होती. आम्ही कळवलं नव्हतं. कळवलं तर वैशाली नको म्हणेल, याची ताईला भीती होती, आणि मलाही. बेल वाजवली. वैशालीनं दार उघडलं, कडेवर पोरगी. समोर फौजी जॅकेट, त्याखाली मळलेली पांढरी साडी, हातात हेल्मेट, धुळीनं पापण्या पांढऱ्या. तिला ओळखायला वेळ लागला. ओळखल्यावरही ती बाजूला झाली नाही. पोरगी हेल्मेटकडे बघत होती.

ताईनं काही सांगितलं नाही. पिशवी भरून ठेवल्याचं तर नाहीच. मी तोंड उघडलं तर तिनं मला डोळ्यांनीच गप्प केलं.

शेवटी वैशाली म्हणाली, “किती दिवस राहशील?”

“तू सांगशील तितके.”

वैशालीनं आईला वाट दिली. मग पोरगी तिच्या हातात दिली, दिली म्हणजे जवळजवळ टाकलीच, आणि म्हणाली, “दोन वर्षं. एक दिवस कमी चालणार नाही.”

ताई आत गेली. पोरगी रडायला लागली, वैशाली रडायला लागली, तिघींच्या मागे दार अर्धवट लोटलं गेलं. मी पायरीवर उभी होते. साडेचारशे किलोमीटर गाडी मी चालवली होती, आणि बराच वेळ मला कुणी आतसुद्धा बोलावलं नाही.